पॅरालिसिसनंतर हातासाठी रोबोटिक थेरपी: नाशिकमध्ये पैसे कशाला मोजायचे, कशाला नाही

निकाल आधीच सांगितलेला बरा. स्ट्रोकनंतर लुळ्या पडलेल्या हातासाठी रोबोटिक थेरपीला पाचपैकी तीन तारे. समोर बसून, रोजच्या कामांवर, मोजून घेतलेल्या साध्या थेरपीला साडेचार. आणि 'फिजिओ घरी येऊन जातात' या नावाखाली बऱ्याच घरांत जे चालतं, त्याला दोन. या तिसऱ्या आकड्यामुळेच पहिल्याचा धंदा जोरात चालतो. अर्धा तास मालिश आणि शेक घेऊन महिनोनमहिने हात जागचा हलला नाही, की माणूस गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत 'रोबोटिक', 'अ‍ॅडव्हान्स्ड न्यूरो' असं लिहिलेली पाटी शोधायला लागतो. त्यात त्याची चूक नाही. पण पाटीवरून आत काय आहे ते कळत नाही, म्हणून हा खटाटोप.

एकाच शब्दाखाली तीन वस्तू

पहिली वस्तू म्हणजे टेबलावरचा रोबोट. या जातीचं मूळ मशीन अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालं, एमआयटी-मॅनस. पुढे ते इनमोशन नावाने विकलं गेलं. रुग्ण खुर्चीत बसतो, छातीवरून पट्टे, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका पन्हाळीत बांधलेला. समोर स्क्रीनवर मध्ये एक ठिपका आणि भोवती आठ. मधून बाहेर जायचं, परत मध्ये यायचं. रुग्णाने जोर लावला तर मशीन साथ देतं, मध्येच अडला तर पुढे नेतं, जमायला लागलं की मदत कमी करतं. बस, एवढंच. कंटाळवाणं आहे, आणि कंटाळा न येता तेच ते करत राहणं हाच त्याचा गुण.

दुसरी वस्तू म्हणजे हाताला बाहेरून घातलेला सांगाडा. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं आर्मिओ पॉवर हे याचं ओळखीचं उदाहरण. यात खांदा, कोपर, मनगट सगळं मशीनच्या सांध्यांना जुळवावं लागतं. हे जुळवणं म्हणजे या मशीनचा जीव. मशीनचा खांद्याचा सांधा रुग्णाच्या खांद्याच्या जरा वर-खाली राहिला, की हात उचलताना दंडाचं हाड वरच्या हाडाखाली चेपतं आणि दोन-तीन सेशनांत खांदा दुखायला लागतो. दंडाची आणि कोपराखालची लांबी मोजून, मापं रुग्णाच्या फाइलीत लिहून ठेवणारं सेंटर आणि दर वेळी अंदाजाने स्क्रू फिरवणारं सेंटर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या दिवशी जुळवणीत वीस मिनिटं गेली तर तक्रार करू नका. पाचव्या दिवशीही तेवढीच गेली तर जरूर करा.

त्याच कंपनीचं आर्मिओ स्प्रिंग नावाचं भावंड आहे. त्यात मोटर नाही. स्प्रिंगा हाताचं वजन पेलतात, हालचाल रुग्णाने स्वतः करायची. याला रोबोट म्हणणं म्हणजे सायकलला मोटारसायकल म्हणण्यासारखं आहे, पण ज्याचा हात थोडाफार हलतो त्याच्यासाठी आमच्या मते तेच जास्त उपयोगाचं, कारण तिथे आळस करायची सोयच नाही. विचारताना 'रोबोट आहे का' असं न विचारता 'मोटर आहे का, आणि ती कधी चालते' असं विचारा.

भारतीय बनावटीचीही मशीन आली आहेत. आयआयटी मद्रास आणि सीएमसी वेल्लोर यांनी मिळून केलेलं प्लूटो हे खास मनगट आणि पंजासाठी आहे, टेबलावर मावतं. हैदराबादच्या बीएबल हेल्थचं आर्मएबल गेम खेळत हात चालवायला लावतं. परदेशी अवजड मशीनच्या मानाने ही सुटसुटीत. सेंटरमध्ये यांपैकी काही असेल तर केवळ 'देशी आहे' म्हणून नाक मुरडू नये.

तिसरी वस्तू ऑनलाइन मिळणारा हवेचा ग्लोव्ह. त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे, कारण घरोघरी जाणारी वस्तू तीच आहे.

आकडे काय सांगतात

या विषयावरची सगळ्यात मोठी चाचणी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये झाली, रॅटल्स नावाची, २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. ७७० रुग्ण, तीन गट. एकाला रोबोट, दुसऱ्याला थेरपिस्टने हाताची कामं पुन्हा पुन्हा करून घ्यायची, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या दोघांना ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. शेवटी हाताच्या कामात ठरवलेली सुधारणा गाठणारे: रोबोट ४४ टक्के, थेरपिस्ट ५० टक्के, नेहमीचे उपचार ४२ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. खर्चाच्या हिशेबातही रोबोट परवडणारा ठरला नाही. थेरपिस्टच्या गटाचाही हिशेब खर्चात बसला नाही हे खरं, पण रोबोटपेक्षा तो स्वस्त पडला.

ही सुधारणा मोजली ती अ‍ॅरॅट नावाच्या चाचणीने. १९ कामं, ५७ गुण: लाकडी ठोकळे उचलणं, क्रिकेटचा चेंडू धरणं, एका ग्लासातून दुसऱ्यात पाणी ओतणं, गोटी चिमटीत पकडणं, हात तोंडाला आणि डोक्यामागे नेणं. म्हणजे घरात लागणाऱ्या गोष्टीच. दुसरी मोजणी असते फ्यूगल-मायर, ६६ गुणांची. ती सांध्यांची हालचाल बघते. रोबोटच्या जाहिरातीत बहुतेक वेळा हीच दाखवतात, कारण रोबोट तिथे बरा दिसतो. २०१४ मध्ये आर्मिन या सांगाड्याच्या रोबोटची साध्या थेरपीशी तुलना झाली. रोबोटच्या गटाची फ्यूगल-मायरवर सरशी झाली, पण किती? ०.७८ गुण. जुन्या स्ट्रोकच्या रुग्णाला स्वतःला फरक जाणवायला याच मोजपट्टीवर साधारण सव्वाचार ते सव्वासात गुण वाढावे लागतात. आता ०.७८ गुणांत पोळी तुटेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रोबोटच्या बाजूचंही सांगायला हवं. २०१८ चा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास, ४५ चाचण्यांचा आणि १,६१९ रुग्णांचा आहे. त्यात अशा मशीनमुळे हाताची ताकद, हालचाल आणि रोजची कामं यांत सुधारणा दिसली, फार मोठी नसली तरी. आणि २०१० ची अमेरिकेतली माजी सैनिकांवरची चाचणी जास्त दिलासा देणारी आहे: स्ट्रोक होऊन किमान सहा महिने, कित्येकांना तर वर्षं लोटलेली, आणि तरीही ३६ सेशननंतर हात थोडा सुधारला. रोबोटने आणि तेवढीच मेहनत घेणाऱ्या थेरपिस्टने जवळपास सारखाच. 'सहा महिने झाले, आता काही होत नाही' असं सांगून घरी पाठवणाऱ्यांना हा कागद दाखवावा.

आता यातला खरा मुद्दा. त्या अमेरिकन चाचणीत रोबोटवर एका सेशनमध्ये सरासरी १,०२४ हालचाली व्हायच्या. आणि साध्या थेरपीच्या सेशनांचं निरीक्षण केलं गेलं तेव्हा, अमेरिका-कॅनडासारख्या देशांतसुद्धा, हाताच्या कामाच्या आवृत्त्या, म्हणजे तेच काम पुन्हा करण्याच्या खेपा, भरल्या सरासरी ३२. एक हजार चोवीस आणि बत्तीस! चाचणीतला थेरपिस्ट रोबोटच्या बरोबरीला आला तो यासाठी की त्याला जाणूनबुजून तेवढं काम करून घ्यायला लावलं होतं. तुमच्या घरी येणारा फिजिओ तो थेरपिस्ट आहे का, हा प्रश्न आहे. नसेल, तर रोबोट त्याच्यापेक्षा नक्कीच बरा ठरेल. पण मग तुलना रोबोट आणि थेरपी यांची नाही, काम आणि बिनकाम यांची आहे.

साधी थेरपी: चांगली कशी ओळखायची

पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर जपासाठीचा बोटात घालायचा डिजिटल काउंटर मिळतो. तो घ्या. फिजिओ आले की रुग्णाने स्वतः जोर लावून केलेली प्रत्येक हालचाल दाबून मोजा. फिजिओने हात धरून हलवला ती मोजायची नाही. संशोधनात एका तासात ३०० आवृत्त्या रुग्णांना झेपतात असं दिसलं आहे. जपाच्या भाषेत तीन माळा, ३२४. तुमच्याकडे आकडा चाळीसच्या आत येत असेल तर बोलायची वेळ झाली. चांगला फिजिओ रागावणार नाही, उलट काउंटर स्वतःच्या हातात घेईल.

एक काम जवळून बघू: ग्लास उचलून तोंडाशी नेणं. हाताशिवायची पण पाठ असलेली खुर्ची, टेबल कोपराच्या उंचीवर, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. ओढणीने छाती खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधायची. हा बंध सगळ्यात महत्त्वाचा, कारण लुळा हात पुढे जात नाही तेव्हा माणूस कमरेतून वाकून पोचतो आणि घरच्यांना वाटतं हात सुधारला. ग्लास सुरुवातीला प्लास्टिकचा, रिकामा, टेबलाच्या कडेपासून वीतभर आत. स्टीलचा घसरतो आणि पडल्यावर मोठा आवाज होतो. घाबरून मूठ आणखी आवळते. पाच-पाचच्या फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. दहापैकी आठ वेळा जमलं की ग्लास चार बोटं पुढे सरकवा किंवा त्यात मूठभर तांदूळ टाका. दहापैकी पाचच्या खाली गेलं की परत जवळ आणा. खांदा कानाकडे चढला, कोपर बाहेर फेकलं गेलं, श्वास धरला, तर ती आवृत्ती मोजायची नाही आणि काम सोपं करायचं. पाणी भरायची वेळ शेवटी येते. गरम चहा तर फार नंतर.

अशी तीन-चार कामं रुग्णाच्या गरजेतून निवडायची. उजवा हात गेलेला असेल तर जेवण हा पहिला मान, कारण चारचौघांत डाव्या हाताने घास घ्यायला आपल्याकडे कोणालाही जड जातं, आणि ती लाजच इथे कामाला येते. एका हाताने पोळी तोडणं ही मात्र वरच्या इयत्तेची गोष्ट आहे: अंगठा आणि तर्जनी ओढतात, बाकीची बोटं दाबून धरतात. तिथे पोचण्याआधी मटार सोलणं, चिवड्यातले शेंगदाणे वेचून वाटीत टाकणं, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढणं-लावणं. डावा हात गेलेल्यांचं दुखणं वेगळं. उजव्याने सगळं निभतं, म्हणून डावा विसरलाच जातो. त्याला कामं द्यायची ती धरून ठेवायची: परातीची कड, पातेल्याचा कान, बटण लावताना शर्टाची पट्टी.

बोटं आणि मनगट थोडं तरी उघडत असेल, म्हणजे मनगट वर उचलायला साधारण २० अंश आणि बोटं १० अंश, तर चांगला हात बांधून ठेवण्याची थेरपी सगळ्यात भक्कम पुराव्याची आहे. २००६ च्या एक्साइट चाचणीत २२२ रुग्ण होते, स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हातावर जाड मोजा, जागेपणीचा ९० टक्के वेळ, दोन आठवडे, आणि रोज सहा तासांपर्यंत सराव. घरी एवढं कोणी करत नाही. रोज दोन-तीन तास, आठ-दहा आठवडे, हा सौम्य प्रकारही चालतो. साधन म्हणून ओव्हनचा मोजा पुरतो. चालताना, जिन्यावर, बाथरूममध्ये आणि गॅससमोर मोजा काढायचाच. तोल गेला तर धरायला तोच हात आहे.

'करंट'बद्दल दोन शब्द, कारण बिलात तो हमखास असतो. दुखण्यासाठीचा करंट (टेन्स, आयएफटी) आणि स्नायू आकुंचन पाववणारा करंट या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने नुसत्या मुंग्या येतात, हालचालीसाठी त्याचा उपयोग नाही. दुसऱ्यात पॅड कोपराखाली हाताच्या मागच्या बाजूला लावतात आणि दर वेळी मनगट वर उचललं जाताना डोळ्यांनी दिसतं. तो घेतानाही रुग्णाने त्याच क्षणी स्वतः मनगट उचलायचा प्रयत्न करायला हवा. मोबाइल बघत वीस मिनिटं करंट घेणं म्हणजे वीस मिनिटांचे पैसे पाण्यात. पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड लावू देऊ नका. आणि हाताची संवेदना गेली असेल तर शेक नको. डायबिटीस असलेल्यांत तर अजिबात नको. चटका बसल्याचं फोड आल्यावर कळतं.

हवेचा ग्लोव्ह: दोन तारे

डब्यात येतं ते असं: बोटांच्या पाठीवर चुण्यांच्या रबरी नळ्या बसवलेला ग्लोव्ह, हवेचा पंप, जोडनळी, चार्जर, आणि बऱ्याच मॉडेलांत चांगल्या हातासाठी सेन्सरचा दुसरा ग्लोव्ह. पंप हवा भरतो तेव्हा बोटं मिटतात, खेचून घेतो तेव्हा उघडतात. आरशासारख्या मोडमध्ये चांगला हात जे करेल ते लुळा हात करतो.

पहिली अडचण घालण्याची. मूठ घट्ट असेल तर बोटं सरळ ओढून ग्लोव्हमध्ये कोंबू नका. मनगट आधी हळूच आत वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा बाहेर काढून घाला, नंतर करंगळीकडून एकेक बोट, आणि शेवटी मनगट सरळ. दुसरी अडचण अंगठ्याची. बहुतेक ग्लोव्हमध्ये तो बोटांच्या समोर येत नाही, बाजूला नुसता हलतो, आणि चिमूट तर अंगठ्यावरच चालते. तिसरी जास्त महत्त्वाची: या पंपाचा मिटायचा जोर चांगला आणि उघडायचा बेताचा. स्ट्रोकच्या हाताला मिटणं जमतंच, अडतं ते उघडण्यापाशी. त्यामुळे जोर कमीत कमी ठेवायचा, आणि ग्लोव्हनंतर मूठ आधीपेक्षा घट्ट वाटली तर दुसऱ्या दिवशी बंद. नळ्यांच्या बुडाशी चिरा पडून हवा गळते, हे नेहमीचं. पंप चालू असताना एखादं बोट मागे राहिलं तर आधी तिथे कान लावा. कापड सहसा धुता येत नाही, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घामाने त्वचा सोलवटते, म्हणून आत सुती पातळ मोजा आणि काढल्यावर बोटांच्या बेचक्या बघायच्या.

याचा खरा उपयोग एकच: सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं बोटं मोकळी करायला. दिवसाला दोन तास टीव्हीसमोर ग्लोव्ह चालवणाऱ्यांचा हात मऊ राहतो, शिकत मात्र नाही. रुग्णाने दर वेळी मशीनबरोबर 'उघड' असा जोर लावला तरच काही पदरात पडतं. मोठ्या रोबोटलाही हाच नियम लागू आहे. मशीन सगळं करून देतंय असं मेंदूला कळलं की तो सरळ अंग काढून घेतो. म्हणून सेंटरमध्ये विचारा, 'पॅसिव्ह मोड (मशीनच हात हलवतं तो) किती वेळ?' उत्तर 'पूर्ण सेशन' आलं तर उठा.

मग रोबोट कोणाला

ज्याचा हात जवळजवळ हलतच नाही, त्याला. खांदा थोडासा उचलला जातो, बोटं नाहीत, आणि टेबलावरचा ग्लास हे दूरचं स्वप्न आहे. अशा हाताकडून ३०० आवृत्त्या करून घेताना थेरपिस्टची कंबर मोडते, तिथे मशीन वजन पेलतं आणि रुग्णाचा एवढासा प्रयत्न पडद्यावर दिसतो. शिवाय ज्यांना बोलणं समजायला अडचण आहे, त्यांना पडद्यावरचा ठिपका शब्दांपेक्षा लवकर कळतो. आणि जे कंटाळून काहीच करत नाहीत त्यांनाही, खेळ म्हणून का होईना.

हात किती परत येईल याचा अंदाज पहिल्याच दिवसांत बांधता येतो. नेदरलँड्समधल्या अभ्यासात स्ट्रोकनंतर दुसऱ्या दिवशी बोटं थोडी उघडणाऱ्या आणि खांदा थोडा बाजूला उचलणाऱ्या रुग्णांपैकी ९८ टक्क्यांच्या हाताला सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य आलं. दोन्ही नसलेल्यांत ही शक्यता २५ टक्के होती. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर या दोन हालचाली लिहून घ्या. पण पहिल्या चोवीस तासांत अंगावर पडून व्यायाम करून घेण्याची घाई नको. २०१५ च्या अव्हर्ट चाचणीत अतिलवकर आणि जास्त हालचाल करवलेल्यांचा निकाल उलट कमी चांगला आला होता.

कोणतीही पद्धत निवडा, खांदा सांभाळला नाही तर सगळं फुकट. बऱ्याचदा खांदा उतरलेला असतो, म्हणजे दंड आणि खांद्याचं टोक यांत बोट शिरेल एवढी खाच पडते. अशा माणसाला काखेत हात घालून किंवा लुळा हात ओढून उठवायचं नाही. बसल्यावर हाताखाली उशी, गळ्यात अडकवायची झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. आणि भिंतीवरची ती दोरी-पुली, जी अजूनही कित्येक क्लिनिकमध्ये लटकलेली असते, तिच्यावर चांगल्या हाताने लुळा हात डोक्यावर ओढायला लावणं बंद करा. खांदा दुखण्याची शक्यता त्याने वाढते, उपचारांच्या मार्गदर्शक सूचनाही तिच्या विरोधात आहेत. पंजा सुजला, लाल-चकचकीत झाला, नुसता स्पर्शही सहन होईना, तर व्यायाम थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टर.

हिशेब

रॅटल्समधलं पूर्ण पॅकेज ३६ सेशन गुणिले ४५ मिनिटं, म्हणजे २७ तास. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधला हाताच्या थेरपीचा कार्यक्रम तीन आठवड्यांत ९० तासांचा आहे, आणि तिथे जुन्या स्ट्रोकच्या हातांनीही मोठी मजल मारली. आता तुम्हाला ३० सेशनचं पॅकेज सांगितलं, प्रत्येक ४५ मिनिटं, त्यातली १५ मिनिटं जुळवाजुळवीत, तर हातात येतात १५ तास. एवढ्या तासांवर 'हात शंभर टक्के' अशी हमी कोणी देत असेल तर तिथे सही करू नका.

दर विचारताना सेशनचा विचारू नका, मिनिटाचा काढा. समजा, रोबोटचं सेशन १,२०० रुपये आणि खरी हालचाल ३० मिनिटं: मिनिटाला ४० रुपये. समजा, फिजिओचे ५०० आणि खरं काम २५ मिनिटं: मिनिटाला २०. पण पाचच मिनिटं काम झालं असेल तर तोच ५०० वाला मिनिटाला १०० रुपये पडतो. निफाड, सिन्नर, दिंडोरीहून येणाऱ्यांनी यात गाडीभाडं, सोबत्याची मजुरी आणि रुग्णाचा थकवाही धरावा. येऊन-जाऊन ५० ते ८० किलोमीटर झालेला माणूस दुपारी ग्लास उचलायच्या अवस्थेत नसतो. अशांनी आठवड्यातून एकदा शहरात यावं, कामं बदलून आणि मोजून घ्यावीत, बाकीचे पाच दिवस घरी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास सराव करावा.

पैशांची ओढाताण असेल तर शिकवणाऱ्या संस्थांची ओपीडी बघा. मराठा विद्या प्रसारक समाजाचं (मविप्र) फिजिओथेरपी कॉलेज नाशिकमध्येच आहे. अशा ठिकाणी मशीन चकचकीत नसली तरी इंटर्न मुलांकडे वेळ असतो, आणि इथे वेळच विकत घ्यायचा आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट फिजिओच्या मानाने फार कमी. मिळाला तर सोडू नका, कारण पंजा आणि रोजची कामं हा त्यांचाच प्रांत.

इन्शुरन्सबाबत गैरसमज बराच आहे. पॉलिसीत 'रोबोटिक' लिहिलेलं असतं ते रोबोटिक सर्जरीबद्दल, थेरपीबद्दल नव्हे. ओपीडीतली फिजिओथेरपी बहुतेक साध्या पॉलिसींत बसत नाही. पण डिस्चार्जनंतरच्या खर्चाचं कलम असतं, साधारण ६० किंवा ९० दिवसांचं, आणि डॉक्टरने लेखी सांगितलेली थेरपी त्यात मागता येते. म्हणून डिस्चार्ज समरीत 'फिजिओथेरपी, हातासाठी, आठवड्यातून इतक्या वेळा' हे लिहूनच हॉस्पिटलमधून निघा, आणि पॅकेजचं एकच बिल न घेता प्रत्येक सेशनची तारीख, थेरपिस्टची सही आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलेली पावती मागा.